ड्रॅग रेसची गाडी: वेळ कुठे जातो ते शोधण्याची आणि कमी करण्याची पद्धत (नागपूरच्या नवख्यांसाठी)

पाव मैल, म्हणजे १३२० फूट किंवा साधारण ४०२ मीटर, सरळ रेषेत थांबलेल्या स्थितीतून सुटून कमीत कमी वेळात पार करणे ही ड्रॅग रेसची मूळ शर्यत आहे; तिची निम्म्या अंतराची, २०१ मीटरची शर्यतही घेतली जाते. अंतर इतके कमी असल्यामुळे सेकंदाचा दहावा भागही मोठा ठरतो, आणि तो मिळवण्यासाठी नवख्या माणसाचा पैसा बहुधा एअर फिल्टर, सायलेन्सर आणि ‘स्टेज वन’ रिमॅप (इंजिनाच्या संगणकातल्या आज्ञावलीत केलेला बदल) या क्रमाने खर्च होतो. वेळ मात्र फारसा हलत नाही, कारण गाडी नेमकी कोणत्या टप्प्यात मागे पडते हे कुणी तपासलेलेच नसते. म्हणून या लेखात आधी वेळेची पावती वाचणे, मग दोष शोधणे, मग जुळवणी करणे असा क्रम ठेवला आहे. नवे भाग विकत घेण्याचा विचार त्यानंतरच करावा.

उदाहरणासाठी नागपुरात सर्वत्र दिसणारी, पुढच्या चाकांना ताकद देणारी पेट्रोल हॅचबॅक धरू. चालकासह तिचे वजन १०८० किलो, ताकद ९५ हॉर्सपॉवरच्या आसपास आणि पाव मैलाचा वेळ १७ सेकंदांच्या आसपास आहे असे समजू.

आधी जागेचा प्रश्न

वर्धा रोड, आउटर रिंग रोड किंवा समृद्धी महामार्ग रात्री मोकळा दिसला तरी तिथे वेळ मोजायला जाऊ नये. सार्वजनिक रस्त्यावरच्या शर्यतीला मोटार वाहन कायद्याचे कलम १८९ लागू होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिक्षेपेक्षाही मोठी गोष्ट अशी की रस्त्यावर समोरून कोण येईल हे आपल्या हातात नसते. अधिकृत स्पर्धा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईसारख्या ट्रॅकवर किंवा तात्पुरत्या बंद केलेल्या विमान धावपट्ट्यांवर होतात. लोणावळ्याजवळच्या आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेली ‘व्हॅली रन’ हे त्याचे परिचित उदाहरण आहे. राष्ट्रीय स्तरावर खेळायचे असेल तर एफएमएससीआय या नियामक संस्थेचा परवाना लागतो, आणि आपल्या वर्गात कोणते बदल चालतात हे तिच्या नियमावलीत पाहूनच पाना हातात घ्यावा.

नागपूरकराला प्रत्येक स्पर्धेसाठी दूरचा प्रवास करावा लागतो, हे खरे. पण शर्यतीचा सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणजे पहिले ६० फूट, जवळच सरावता येतो. ६० फूट म्हणजे जेमतेम १८.३ मीटर. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या ओळखीच्या कारखान्याचे सिमेंटचे मोठे आवार सुट्टीच्या दिवशी मालकाच्या लेखी परवानगीने मिळाले, तर तेवढ्यावर काम भागते. ६० फुटांच्या रेषेवर गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटरच्या आसपास पोहोचतो, त्यामुळे रेषेच्या पुढे निदान ७० ते ८० मीटर मोकळी जागा असावी आणि त्या पट्ट्यात एकही माणूस उभा नसावा. खडूने दोन रेषा आखून बाजूला तिपाईवर मोबाईल ठेवावा आणि सेकंदाला १२० चौकटी टिपणाऱ्या स्लो मोशनमध्ये चित्रण करावे. चाक पहिल्या रेषेवरून हलल्यापासून दुसऱ्या रेषेवर येईपर्यंतच्या चौकटी मोजून १२० ने भागले की वेळ मिळतो. मोबाईलमधले साधे जीपीएस या कामाला उपयोगाचे नाही. ते बहुधा सेकंदातून एकदाच स्थान नोंदवते, आणि आपल्याला तर सेकंदाचे शंभरावे भाग हवे असतात.

पहिली पायरी: पावती वाचणे

प्रत्येक धावेनंतर मिळणाऱ्या टाइमस्लिपवर साधारणतः प्रतिक्रिया वेळ, ६० फूट, ३३० फूट, एक अष्टमांश मैलाचा वेळ व वेग, १००० फूट आणि शेवटी पाव मैलाचा वेळ व वेग असे आकडे असतात. प्रतिक्रिया वेळ हा चालकाचा असतो, गाडीचा नाही. हिरवा दिवा लागल्यावर तुम्ही अर्धा सेकंद झोपून राहिलात तरी पाव मैलाचा वेळ, म्हणजे ईटी, बिघडत नाही, कारण ते घड्याळ पुढचे चाक सुरुवातीच्या रेषेवरच्या प्रकाशकिरणातून बाहेर पडल्यावर सुरू होते. समोरासमोरच्या लढतीत मात्र दोन्हींची बेरीज धरली जाते आणि चांगली गाडीही त्यामुळे हरू शकते.

गाडीपुरते बोलायचे तर दोन आकड्यांवर लक्ष ठेवावे. ६० फुटांचा वेळ टायरची पकड, क्लच आणि चालकाचा हात यांबद्दल सांगतो. शेवटचा वेग, जो अंतिम ६६ फुटांत सरासरीने मोजला जातो, तो इंजिनाच्या ताकदीबद्दल सांगतो आणि सुरुवात बिघडली तरी फारसा बदलत नाही. समजा आपल्या गाडीने एका धावेत ६० फूट २.६० सेकंदांत पार केले, ईटी १७.४० आला आणि शेवटचा वेग ताशी १२९ किलोमीटर होता. दुसऱ्या धावेत ६० फूट २.३५ मध्ये झाले, ईटी १७.०२ आणि वेग पुन्हा १२९ च राहिला. इंजिन तेच, ताकद तीच, तरी सुमारे चार दशांश सेकंद वाचले, आणि त्या बचतीचे मूळ पहिल्या १८ मीटरमध्ये होते. ६० फुटांत वाचलेला दशांश सेकंद शेवटी दीड ते दोन दशांश होऊन मिळतो, असा ढोबळ हिशेब ड्रॅग रेसवाले नेहमी धरतात.

यातून एक सोपी कसोटी निघते. ईटी आणि शेवटचा ताशी किलोमीटरमधला वेग यांचा गुणाकार करून वहीत लिहावा. वरच्या पहिल्या धावेत तो २२४५ येतो, दुसऱ्यात २१९६. आपल्याच गाडीचा हा आकडा वाढला तर वेळ सुरुवातीला गेला. आकडा कायम राहून वेग घटला तर इंजिन कमी पडले. दुसऱ्याच्या गाडीशी तुलना मात्र करू नये, कारण वजनाची विभागणी आणि गिअरचे गुणोत्तर बदलले की आकडाही बदलतो.

दुसरी पायरी: नागपूरची हवा हिशेबात धरणे

ही पायरी बहुतेक मार्गदर्शिकांत दोन ओळींत संपते, कारण त्या थंड प्रदेशात लिहिलेल्या असतात. आपल्याकडे तिला जास्त जागा द्यावी लागते. जानेवारीच्या पहाटे १४ अंश आणि मे महिन्यात ४४ अंश या दोन दिवसांत हवेच्या घनतेत साडेनऊ टक्क्यांच्या आसपास फरक पडतो. टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या इंजिनाची ताकद जवळजवळ त्याच प्रमाणात घटते, आणि ईटी ताकदीच्या घनमुळाशी निगडित असल्यामुळे तो तीन टक्क्यांहून थोडा अधिक वाढतो. १७ सेकंदांच्या गाडीत हे अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त होते. म्हणजे नवतपात कुणी महागडा एक्झॉस्ट बसवला आणि डिसेंबरात ‘गाडी अर्ध्या सेकंदाने पळाली’ असे सांगितले, तर त्यातले श्रेय बहुतांशी थंडीचे असते.

टर्बो इंजिन घनतेची थोडी भरपाई करते. पण तिथे आत जाणारी हवा तापते, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) टाळण्यासाठी इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे घेतो आणि परिणाम शेवटी तोच होतो. पावसाळ्यात तापमान उतरते, परंतु ३० अंशांवर ९० टक्के आर्द्रता असेल तर हवेतली सुमारे चार टक्के जागा पाण्याची वाफ घेते आणि तेवढा प्राणवायू कमी मिळतो. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरच्या आसपास उंच असल्याने हवेचा दाबही सुमारे साडेतीन टक्के कमी असतो. चेन्नईला तो परत मिळतो, पण सोबत दमटपणा येतो. म्हणून प्रत्येक पावतीवर तापमान, आर्द्रता आणि वेळ लिहून ठेवल्याशिवाय दोन धावांची तुलना करू नये.

त्याच कारणाने जानेवारीत नागपुरात बेतलेला रिमॅप मे महिन्यात तसाच वापरणे धोक्याचे आहे. थंडीत चालून गेलेले टायमिंग उन्हाळ्यात नॉकिंग घडवते, आणि सायलेन्सर मोठ्या आवाजाचा असला की ते ऐकूही येत नाही.

तिसरी पायरी: गाडी निरोगी आहे का ते पाहणे

जुळवणी निरोगी इंजिनाचीच होते. सर्व सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. एकमेकांत दहा टक्क्यांहून अधिक फरक असेल तर व्हॉल्व्ह, रिंग किंवा गॅस्केटकडे आधी पाहावे. स्पार्क प्लगची गॅप वापराने वाढते, आणि वाढलेल्या गॅपमुळे शहरात गाडी ठीक चालूनही वरच्या आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) मिसफायर होतो, म्हणजे ठिणगी चुकते. टर्बो गाडीत तर दाबामुळे ठिणगी अधिक सहज विझते. थंड किंवा गरम प्लग निवडताना कंपनी पाहून आकडा वाचावा: एनजीकेमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, बॉशमध्ये मोठा आकडा म्हणजे गरम प्लग, आणि दुकानदारही यात गल्लत करतात.

चारही चाके जॅकवर उचलून हाताने फिरवावीत. एखादे चाक अडखळत फिरत असेल तर ब्रेकचा कॅलिपर चिकटत आहे किंवा बेअरिंग गेले आहे, आणि ते दुरुस्त केल्याने मिळणारा वेळ जवळजवळ फुकट असतो. अलाइनमेंट करताना पुढच्या चाकांचा टो (चाके समोर आत किंवा बाहेर वळलेली असण्याचे माप) शून्याजवळ ठेवण्यास सांगावे. क्लच तपासण्यासाठी आवारातच चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून पाहावे. आरपीएम चढले आणि वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर प्लेट सुटत आहे.

पेट्रोलबद्दल थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. शुद्ध पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी हवा आणि इंधन यांचे वजनी प्रमाण १४.७ : १ लागते, तर २० टक्के इथेनॉल असलेल्या ई२० साठी ते १३.५ : १ च्या आसपास येते. जुन्या आकड्यांवर बेतलेल्या गेजवर ‘मिश्रण बरोबर आहे’ असे दिसत असले तरी प्रत्यक्षात फसगत होऊ शकते. त्यामुळे मिश्रण नेहमी लॅम्डामध्ये, म्हणजे प्रत्यक्ष प्रमाण भागिले त्या इंधनाला लागणारे प्रमाण या आकड्यात, वाचावे, कारण लॅम्डा १ चा अर्थ कोणत्याही इंधनात तोच राहतो. पूर्ण थ्रॉटलवर टर्बो नसलेल्या इंजिनाला ०.८५ ते ०.८८ आणि टर्बोला ०.८० च्या आसपासचा लॅम्डा सुरक्षित सुरुवात म्हणून चालतो. टाकी पूर्ण भरू नये, पण एक चतुर्थांशाखालीही उतरवू नये. गाडी झेप घेते तेव्हा पेट्रोल मागे सरकते आणि पंपाला हवा ओढावी लागली तर मिश्रण क्षणभर पातळ होते.

चौथी पायरी: पहिले ६० फूट

पुढच्या चाकांच्या गाडीची अडचण अशी की सुटताना वजन मागे सरकते आणि ज्या चाकांना पकड हवी त्यांच्यावरचाच भार हलका होतो. त्यामुळे मागची स्प्रिंग मऊ असेल आणि गाडी मागे बसत असेल तर तिथे कडकपणा वाढवणे फायद्याचे ठरते. त्याआधी टायरची हवा पाहावी, कारण तिला पैसे लागत नाहीत. साध्या टायरमध्ये पुढची हवा ३२ पीएसआयपासून दोन-दोनने उतरवत २४ पर्यंत आणावी आणि प्रत्येक टप्प्यावर ६० फुटांचा वेळ लिहावा. त्याहून खाली गेल्यास टायरची बाजू डुलू लागते आणि शेवटच्या वेगात गाडी अस्थिर होते. मागची हवा ३६ च्या आसपास ठेवली तर चाके हलकी फिरतात. सकाळी २० अंशांवर ३२ भरलेला टायर दुपारी उन्हात ४५ अंशांपर्यंत तापला की हवा ३६ वर जाते, म्हणून पंक्चरवाल्याकडे भरलेल्या आकड्यावर विसंबून न राहता रांगेत पुढे सरकताना स्वतःच्या गेजने तपासावी.

ट्रॅकवर (रेसिंगचे गुळगुळीत टायर ओले करून फिरवण्यासाठी केलेला) पाण्याचा खळगा असेल तर साध्या, खाचांच्या टायरने त्यातून जाऊ नये. खाचांत अडकलेले पाणी नेमके सुरुवातीच्या रेषेवर गळते. बाजूने वळसा घालून जावे आणि चाके क्षणभर फिरवून धूळ झटकावी.

आता क्लच आणि आरपीएम. आधी ३००० आरपीएमवर सुटून पाहावे आणि ओबीडी ॲडॅप्टरवर (गाडीच्या संगणकातले आकडे मोबाईलवर दाखवणारे उपकरण) आरपीएम आणि वेग एवढेच दोन आकडे नोंदवावेत. स्वस्त ॲडॅप्टरला दहा गोष्टी एकदम विचारल्या तर तो प्रत्येकीची नोंद इतकी विरळ देतो की काही कळत नाही. आरपीएम एकदम उसळले आणि वेग मागे राहिला तर चाक घसरले. पुढच्या वेळी २५०० वर यावे किंवा क्लच थोडा हळू सोडावा. आरपीएम २००० खाली कोसळले तर इंजिन बसले; तिथे २५० ने वाढवावे. आरपीएम मध्येच तुटक-तुटक दिसले आणि डॅशबोर्डवर दिवा मिचकला तर ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाक घसरू नये म्हणून असलेली यंत्रणा, ताकद कापत आहे. काही गाड्यांत बटण दाबूनही ते पूर्ण बंद होत नाही, आणि अशा वेळी पंप व इंजेक्टर बदलून हजारो रुपये घालवलेली माणसे कमी नाहीत.

सुटताना पुढचा भाग धडधडत उड्या मारत असेल तर त्याला व्हील हॉप म्हणतात. तेव्हा पाय तत्काळ उचलावा. असे झटके ड्राइव्ह शाफ्ट आणि गिअरबॉक्समधील डिफरन्शियल तोडतात. कारण बहुधा फाटलेले इंजिन माउंटिंग किंवा झिजलेले लोअर आर्मचे बुश असते.

रेषेवर उभे राहण्याचीही पद्धत आहे. पहिला, प्री-स्टेजचा दिवा लागल्यावर गाडी अगदी इंचाइंचाने पुढे न्यावी आणि स्टेजचा दिवा लागताच थांबावे. अशा उथळ उभे राहण्याने घड्याळ सुरू होण्याआधी चाकाला फूटभराच्या आसपास धाव मिळते आणि ईटी सुधारतो. त्यानंतर स्पोर्ट्समन पद्धतीत तीन पिवळे दिवे अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लागतात आणि अर्ध्या सेकंदाने हिरवा येतो. प्रो पद्धतीत तिन्ही एकदम लागून ०.४ सेकंदाने हिरवा येतो. स्पोर्ट्समनमध्ये तिसरा पिवळा दिसताच सुटावे, हिरव्याची वाट पाहणारा नेहमी उशिरा निघतो.

पाचवी पायरी: उरलेले अंतर

एक अष्टमांश मैलापर्यंत सर्व ठीक असून पुढे वेग वाढत नसेल तर दोष वरच्या आरपीएमचा समजावा. इंधनाचा दाब टिकत नाही, ठिणगी तुटते, टर्बोच्या पाइपला गळती आहे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला आहे किंवा उष्णतेमुळे टायमिंग मागे घेतले जात आहे, यांपैकी एक गोष्ट बहुतेक सापडते. शोधताना स्वस्त आणि दिसणाऱ्या गोष्टीपासून सुरुवात करावी: पाइपचे क्लॅम्प, फिल्टर, प्लग, मग दाबाचे गेज.

गिअर कधी बदलायचा हे कानाने ठरवू नये. दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.९ आणि तिसऱ्याचे १.३ असेल तर ६५०० वर बदलल्यास आरपीएम ४४५० वर उतरते. तिथे इंजिन जोमाने ओढत असेल तर ६५०० योग्य. लहान टर्बो असलेली इंजिने मात्र वर दमतात आणि ५८०० वर बदलल्यास अधिक वेगाने पळतात. दोन्ही करून पाहावे आणि शेवटच्या वेगाला निकाल देऊ द्यावा. टायमिंगलाही हाच नियम लागू आहे: ट्यूनरने एकेक अंश वाढवत जावे, वेग वाढणे थांबले की एक-दोन अंश मागे यावे, आणि नॉकिंगची नोंद दिसली तर तिथेच थांबावे.

वजनाचा हिशेब सोपा आहे. १०८० किलोंतून ५० किलो कमी केले तर ईटी सुमारे पाव सेकंदाने उतरतो. स्टेपनी, जॅक, हत्यारे आणि बूटमधले सामान काढून, टाकी ३७ लिटरऐवजी १० लिटरवर ठेवून आणि वर्गाच्या नियमांत बसत असेल तर मागची सीट उतरवून एवढे होते. ही गाडी पुढच्या चाकांची असल्याने मागचे वजन गेल्याने पकडही जात नाही. कळमना बाजाराच्या बाजूला ट्रकचे धरमकाटे आहेत, तिथे आधी पूर्ण गाडी आणि मग फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून दोन्ही आकडे घ्यावेत. सीटबेल्ट, एअरबॅग आणि अग्निशामक यांना वजन कमी करण्याच्या यादीत जागा नाही.

स्पर्धेच्या दिवशी

एका वेळी एकच बदल करावा आणि त्याच बदलावर निदान दोन धावा घ्याव्यात, कारण काहीही न बदलता दोन धावांत दशांश सेकंदाचा फरक सहज पडतो. रांगेत इंजिन बंद ठेवून, बॉनेट उघडून गाडी मित्रांकडून ढकलून पुढे न्यावी. उन्हात सुरू ठेवलेल्या इंजिनात आत जाणाऱ्या हवेचे तापमान ६० अंशांवर चढते आणि मग कोणतीही जुळवणी कामाची राहत नाही. टर्बो गाडीच्या इंटरकूलरवर (आत जाणारी हवा थंड करणाऱ्या जाळीवर) बर्फाची पिशवी ठेवण्याची युक्ती चालते, मात्र पाण्याचा थेंबही ट्रॅकवर पडता कामा नये. पिशवी काढून तो भाग पुसल्यावरच रेषेकडे जावे. हेल्मेट, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि बंद बूट यांशिवाय तपासणीत गाडी पुढे जाऊच देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

शेवटच्या धावेनंतर, नागपूरच्या परतीच्या प्रवासाला लागण्याआधी, पुढची हवा पुन्हा ३२ करावी, चाकांचे नट टॉर्क रेंचने आवळावेत, ड्राइव्ह शाफ्टच्या रबरी बूटवर ग्रीस उडाले आहे का ते पाहावे आणि इंजिन ऑइलची पातळी तपासावी. काढून ठेवलेली स्टेपनी आणि जॅक गाडीत परत ठेवावेत, आणि क्लचचा जळका वास टिकून असेल तर गाडी चालवत न आणता फ्लॅटबेडवर आणावी.